कुमारवयीनांची मॉन्टेसरी शाळा : ‘एर्डकिंडर’ संकल्पनेचा उगम, प्रयोग आणि फलित

सारांश

मराठी समाजात ‘मॉन्टेसरी’ हा शब्द शिशुवर्गाशी इतका एकरूप झाला आहे की डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी बारा ते अठरा वर्षे या वयोगटाचाही स्वतंत्र विचार केला होता, ही गोष्ट अभ्यासकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत निबंधात या विचाराचा इतिहास मांडला आहे. १९३० सालचे ॲमस्टरडॅम येथील लायसियम, १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एर्डकिंडर’ योजना आणि २००० साली अमेरिकेतील ओहायो राज्यात सुरू झालेली शेतशाळा हे या इतिहासाचे तीन टप्पे होत. लहान आकाराची शाळा विद्यार्थ्याच्या पुढील यशाची पायाभरणी कशी करते आणि त्याविषयी उपलब्ध पुरावा कोठवर जातो, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : मॉन्टेसरी, कुमारवय, एर्डकिंडर, नयी तालीम, लहान शाळा, माध्यमिक शिक्षण.

प्रस्तावना

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी प्राध्यापकवर्गात एक तक्रार नेहमी ऐकू येते. विद्यार्थ्यांना गुण भरपूर असतात. परंतु स्वतःहून काम हाती घेणे, ते वेळेत पूर्ण करणे, गटात जबाबदारी वाटून घेणे आणि चुकल्यास ती सुधारणे या गोष्टी त्यांना जमत नाहीत. या उणिवेचे मूळ बहुधा कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांत शोधले जाते. वस्तुतः ते त्याही आधीच्या काळात, म्हणजे बारा ते पंधरा या वयात आहे. आपल्याकडील सातवी ते नववी या इयत्तांचा हा काळ. अमेरिकेत या वयाच्या शाळेला साधारणपणे ‘मिडल स्कूल’ म्हणतात. बालशिक्षणावर आणि शालान्त परीक्षेवर आपल्याकडे विपुल लेखन झाले. त्या दोहोंमधील या वर्षांकडे मात्र केवळ परीक्षेच्या पूर्वतयारीचा काळ म्हणून पाहिले गेले.

डॉ. मॉन्टेसरी यांनी नेमक्या याच वयाविषयी एक वेगळी भूमिका घेतली. या वयातील मुलाला अधिक विषय शिकविण्यापेक्षा समाजात आपले काही मोल आहे असा अनुभव देणे अधिक निकडीचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार कोणत्या परिस्थितीत जन्मला, तो अमलात येण्यास इतका विलंब का झाला आणि तो अमलात आणणाऱ्या लहान शाळांनी काय साधले, हे प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरतात.

विचाराची पार्श्वभूमी

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे झाला. त्या काळच्या मुलींच्या प्रचलित शिक्षणापेक्षा वेगळी वाट धरून त्यांनी तांत्रिक शाळेत माध्यमिक शिक्षण घेतले आणि १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ सुरू केले. पुढील दोन दशकांत त्यांची पद्धती युरोप, अमेरिका व आशियात पोहोचली. या काळातील बहुतेक कार्य तीन ते सहा आणि नंतर सहा ते बारा या वयोगटांपुरते होते.

कुमारवयाचा प्रश्न त्यांच्यासमोर दोन वाटांनी आला. पहिली वाट शाळांच्या अंतर्गत वाढीची होती. बालगृहातून बाहेर पडलेली मुले प्राथमिक वर्ग पूर्ण करून बारा वर्षांची झाली, तेव्हा त्यांनी पुढे कोठे जावे हा पेच पालकांपुढे उभा राहिला. दुसरी वाट राजकीय होती. इटलीत १९२४ नंतर मॉन्टेसरी शाळांना फॅसिस्ट राजवटीचा आश्रय लाभला होता. परंतु त्याच राजवटीने १९२६ मध्ये ‘बालिल्ला’ ही मुलांची गणवेशधारी संघटना स्थापन केली. मुलांच्या निष्ठेवर राज्यसंस्थेने हक्क सांगण्यास प्रारंभ केला होता. हा आश्रय फार काळ टिकला नाही. १९३४ मध्ये इटलीतील मॉन्टेसरी शाळा बंद झाल्या. जर्मनीतही नाझी राजवटीने त्या बंद केल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले तेव्हा बार्सिलोना सोडून डॉ. मॉन्टेसरी इंग्लंडमार्गे नेदरलँड्समध्ये आल्या.

कुमारवयाविषयीचे त्यांचे परिपक्व चिंतन याच वर्षांतील आहे आणि शांततेविषयीची त्यांची व्याख्यानेही याच काळातील आहेत. हा केवळ योगायोग मानता येणार नाही. ज्या वयात मुलाला आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटण्याची तीव्र ओढ असते, त्या वयात शाळा जर त्याला केवळ बाकावर बसवून ठेवत असेल, तर ती ओढ भागविण्यास दुसरे कोणी तरी पुढे येते. युरोपात त्या दशकात ते काम गणवेशाने आणि संचलनाने केले. ‘एर्डकिंडर’ योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता ती निव्वळ शेतीची आवड निर्माण करणारी योजना राहत नाही. कुमारांना समाजात सन्मानाचे स्थान कोणत्या मार्गाने द्यावे, या प्रश्नाचे ते एक उत्तर ठरते.

विकासाच्या चार अवस्था

डॉ. मॉन्टेसरी यांनी मानवी विकासाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे कल्पिले : जन्म ते सहा, सहा ते बारा, बारा ते अठरा आणि अठरा ते चोवीस. यांपैकी पहिला व तिसरा टप्पा वेगवान बदलाचा, तर दुसरा व चौथा तुलनेने स्थिर वाढीचा असे त्यांचे निरीक्षण होते. पहिल्या टप्प्यात व्यक्तीचा जन्म होतो, तर तिसऱ्या टप्प्यात समाजाचा घटक म्हणून तिचा जणू दुसरा जन्म होतो. त्यामुळे बारा ते पंधरा वर्षांचा कुमार हा नवजात शिशूइतकाच नाजूक असतो, असे त्या मानीत. या वयात शारीरिक प्रकृती अस्थिर होते, एकाग्रता घटते आणि आधी हुशार असलेला मुलगाही अभ्यासात मागे पडू शकतो, हे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. मॉन्टेसरी यांनी आवर्जून नोंदविले.

प्रचलित शिक्षणव्यवस्था मात्र याच वयात विषयांची संख्या वाढविते, शिक्षक तासातासाला बदलते आणि परीक्षेचे दडपण आणते. मुलाची गरज आणि शाळेची मागणी यांतील ही विसंगती हा त्यांच्या टीकेचा गाभा होता.

ॲमस्टरडॅमचे लायसियम

या वयोगटासाठीचा पहिला उल्लेखनीय प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. १९३० साली ॲमस्टरडॅम येथे मॉन्टेसरी लायसियम सुरू झाले. ही शहरातील शाळा होती. देशातील मान्य अभ्यासक्रम आणि अंतिम परीक्षा तिने स्वीकारल्या. बदलली ती त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट. ठरावीक तासिकांच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून काम करण्याचा वेळ, कामाचे वैयक्तिक नियोजन आणि शिक्षकाची मार्गदर्शकाची भूमिका ही या प्रकारच्या डच शाळांची वैशिष्ट्ये बनली.

या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, मॉन्टेसरी पद्धतीने शिकलेली मुले परीक्षाप्रधान व्यवस्थेत टिकू शकतात की नाही या शंकेला त्याने व्यवहारात उत्तर दिले. लायसियम टिकले आणि आजही सुरू आहे. तथापि, त्याची मर्यादाही याच गुणात होती. परीक्षा कायम राहिल्यामुळे शाळेचा आराखडा विषयांभोवतीच राहिला. कुमाराला समाजात प्रत्यक्ष भूमिका मिळावी ही अपेक्षा शहरी इमारतीत आणि परीक्षेच्या वेळापत्रकात पूर्णतः उतरू शकली नाही.

‘एर्डकिंडर’ : भूमीची लेकरे

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. मॉन्टेसरी यांनी याहून मूलगामी योजना मांडली. ‘एर्डकिंडर’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘भूमीची लेकरे’. ही योजना १९३९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली आणि पुढे १९४८ मध्ये फ्रेंच भाषेत प्रकाशित झालेल्या ‘बालपणाकडून कुमारवयाकडे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात समाविष्ट झाली.

योजनेची रूपरेषा थोडक्यात अशी होती. कुमारांनी काही काळ कुटुंबापासून दूर, ग्रामीण परिसरात, वसतिगृहात राहावे. तेथे शेत असावे, त्या शेताचे उत्पादन विकणारे दुकान असावे आणि भेटीस येणाऱ्या पालकांसाठी अतिथिगृह असावे. या तिन्हींच्या व्यवस्थापनात मुलांचा प्रत्यक्ष वाटा असावा. यंत्रांचे एक संग्रहालय असावे. त्यात यंत्रे केवळ मांडून न ठेवता मुलांनी ती जोडावीत, वापरावीत व दुरुस्त करावीत. वसतिगृहाची जबाबदारी एका दांपत्याकडे असावी, काही तरुण शिक्षक निवासी असावेत आणि शेती व तंत्र यांतील जाणकारांनी मुलांसोबत काम करावे.

अभ्यासक्रमाचे तीन भाग सुचविले होते. पहिला आत्माविष्काराचा : संगीत, भाषा व कला. दुसरा मनाच्या घडणीचा : नीतिशिक्षण, गणित व भाषा. तिसरा प्रौढ जीवनाच्या तयारीचा : पृथ्वी व सजीवसृष्टीचा अभ्यास, मानवी प्रगती व संस्कृतीची उभारणी आणि मानवजातीचा इतिहास. म्हणजे पुस्तकी ज्ञानाला येथे फाटा दिलेला नव्हता. पदविका व विद्यापीठ प्रवेश यांच्या व्यावहारिक गरजेचीही डॉ. मॉन्टेसरी यांना जाणीव होती. त्यांचा आग्रह इतकाच की ज्ञान कामातून उद्भवलेल्या प्रश्नाशी जोडलेले असावे.

या योजनेत पैशाचे स्थान विशेष लक्षणीय आहे. स्वतःच्या श्रमाने मिळविलेले उत्पन्न अल्प असले तरी ते कुमाराला वडिलांच्या औदार्यातून मिळालेल्या सोयीपेक्षा अधिक घडविते, अशी त्यांची धारणा होती. दुकानात शेजारच्या शेतकऱ्यांचा मालही विकला जावा, अशी सूचना त्यांनी केली. त्यामुळे मुलाला किंमत, हिशेब, विश्वास आणि शब्द पाळणे या गोष्टींचा अनुभव मिळतो. आर्थिक व्यवहार हा येथे धंदेशिक्षणाचा भाग नाही. तो समाजरचना समजून घेण्याचा मार्ग आहे.

भारताशी असलेला संबंध

ही योजना प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून डॉ. मॉन्टेसरी व त्यांचे पुत्र मारिओ मद्रासजवळील अड्यार येथे आले. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरविले. मारिओ यांना अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि डॉ. मॉन्टेसरी यांच्यावर अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन आले. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मारिओ यांची मुक्तता झाली. १९४२ ते १९४४ या काळात उभयतांनी कोडाईकॅनाल येथे विविध वयांच्या मुलांसोबत काम केले. सहा ते बारा वयोगटासाठीच्या ‘वैश्विक शिक्षण’ या संकल्पनेला तेथील निसर्गात आकार आला.

याच सुमारास मराठी भूमीत एक समांतर विचार रुजत होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वयोगटासाठी हस्तोद्योगाधिष्ठित शिक्षणाचा आराखडा तयार केला. गांधीजी व डॉ. मॉन्टेसरी यांची भेट १९३१ मध्ये लंडन येथे झालेली होती. तरीही नयी तालीम आणि एर्डकिंडर या योजना परस्परांच्या अनुकरणातून निघाल्या असे म्हणण्यास आधार नाही. दोहोंत उत्पादक श्रम, स्वावलंबन आणि सामूहिक जीवन ही तत्त्वे समान आहेत. भेद असा की वर्धा योजनेत उद्योग हे शिक्षणाचे माध्यम आणि शाळेच्या खर्चाचा संभाव्य आधार असे दुहेरी स्थान घेतो. एर्डकिंडरमध्ये उत्पन्न हे शाळा चालविण्याचे साधन नसून कुमाराच्या आत्ममूल्याचे साधन आहे. वर्धा योजनेने समग्र राष्ट्राचा विचार केला, तर डॉ. मॉन्टेसरी यांनी एका वयाच्या मानसिक गरजेचा.

मग भारतात मॉन्टेसरी विचार कुमारवयापर्यंत का पोहोचला नाही? याचे उत्तर येथील चळवळीच्या अग्रक्रमात सापडते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने पुढे कोसबाडच्या आदिवासी परिसरात बालवाडी, अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग केले. महागडी साधने बाजूला ठेवून स्थानिक वस्तूंनी बालशिक्षण उभे करण्याचे हे कार्य असामान्य होते. परंतु शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्षावधी बालकांपुढे कुमारांच्या स्वतंत्र शाळेचा प्रश्न मागे राहणे स्वाभाविक होते. खुद्द डॉ. मॉन्टेसरी यांनी १९४८ मध्ये अहमदाबाद, मुंबई व पुणे येथे प्रशिक्षणवर्ग घेतले. त्याच वर्षी ग्वाल्हेर येथे त्यांच्या देखरेखीखाली जी आदर्श शाळा सुरू झाली, तीही बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच होती. जेथे एर्डकिंडरचा आरंभ व्हायचा तेथेच भारतातील प्रयोग थांबला.

तथापि, कुरणशाळेचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. मुलाला कामावरून उठवून शाळेत आणण्याऐवजी शाळाच त्याच्या कामाच्या जागी नेणे, हे तत्त्व एर्डकिंडरच्या जवळ जाणारे आहे. नावाने मॉन्टेसरी नसलेली ही वाट विचाराने तिच्या निकट होती.

विलंबाने साकारलेली शाळा

डॉ. मॉन्टेसरी यांचे ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये निधन झाले. त्यांच्या हयातीत एर्डकिंडरची योजना पूर्ण स्वरूपात कोठेही उभी राहिली नाही. युद्ध, निधीचा अभाव, निवासी शेतशाळेचा खर्च आणि प्रशिक्षित प्रौढांची उणीव ही त्याची कारणे दिसतात.

अमेरिकेत १९६० नंतर मॉन्टेसरी चळवळीचे पुनरुज्जीवन झाले. बालगृहे वाढली, त्यांतून प्राथमिक वर्ग निघाले आणि १९३० मध्ये डच पालकांपुढे आलेला पेच आता अमेरिकी पालकांपुढे आला. अनेक शाळांनी प्राथमिक विभागाला जोडून बारा ते चौदा किंवा पंधरा वयाचा लहानसा विभाग सुरू केला. शेत घेणे शक्य नसलेल्या शहरी शाळांनी परसबाग, लहान व्यवसाय, क्षेत्रभेटी व समाजसेवा यांच्या आधारे योजनेचा आशय जपण्याचा प्रयत्न केला. १९९४ मध्ये सिनसिनाटी येथे क्लार्क मॉन्टेसरी ही सार्वजनिक माध्यमिक शाळा सुरू झाली. त्यामुळे ही पद्धती केवळ शुल्क परवडणाऱ्यांपुरती राहू नये या दिशेने एक पाऊल पडले.

योजनेचे सर्वांत निकटचे रूप ओहायो राज्यात दिसते. डेव्हिड कान यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून हर्शी मॉन्टेसरी शाळेने २००० साली हंट्सबर्ग येथे सुमारे ९७ एकरांच्या जागेवर शेतशाळा सुरू केली. तेथे निवासी व रोज ये-जा करणारे असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात. पशुपालन, भाजीपाला, मधमाशीपालन आणि मेपल वृक्षाच्या रसापासून पाक तयार करणे ही कामे अभ्यासाचा भाग असतात.

लहान शाळा नेमके काय करते?

अशा शाळेत पुढील यशाची तयारी कशी होते, हे एका कामाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मधमाशीपालनाची जबाबदारी काही विद्यार्थ्यांच्या गटाकडे आली की त्यांना कीटकांची शरीररचना व परागीभवन अभ्यासावे लागते. मध व मेण यांचे रासायनिक स्वरूप समजून घ्यावे लागते. उत्पादनाचा खर्च काढून किंमत ठरवावी लागते, नोंदवही ठेवावी लागते आणि विक्रीचा मजकूर लिहावा लागतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भाषा येथे एकत्र येतात. आणि चूक झाल्यास तिचा पत्ता शिक्षकाच्या लाल शाईआधी परिस्थितीकडूनच लागतो.

शाळेचा लहान आकार ही येथे उणीव नसून अट आहे. मोठ्या वर्गात एका विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीने काही अडत नाही. लहान समूहात कोंबड्यांना दाणे घालण्याची पाळी असलेला विद्यार्थी आला नाही, तर ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते आणि त्याची चर्चा सामूहिक बैठकीत होते. आपल्यावाचून काही तरी अडते हा अनुभव कुमाराला प्रथमच मिळतो. त्याच वेळी समूह इतका लहानही असून चालत नाही की कामांची विभागणीच अशक्य व्हावी. दोन-तीन वर्षांचे मिश्र वयोगट एकत्र ठेवण्यामागेही हेच कारण आहे. आरंभी शिकणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षी शिकविणारा होतो. वर्गात प्रत्येकाला प्रथम क्रमांक मिळू शकत नाही. जबाबदारीचे स्थान मात्र प्रत्येकाला मिळू शकते.

प्रौढांची भूमिकाही बदलते. शेतातील जाणकार, हिशेबनीस किंवा सुतार हे मुलांसमोर आपले काम करतात. एखादी गोष्ट नीट यावी म्हणून प्रौढ माणूस किती वेळा ती करून पाहतो, हे कुमारांना जवळून दिसते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात ज्या चिकाटीची अपेक्षा केली जाते, तिचा पहिला परिचय असा होतो.

फलिताचा पुरावा

पुढील यशाविषयीचे दावे तपासून पाहणे आवश्यक आहे. केव्हिन रॅथुंड व मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी २००५ मध्ये मॉन्टेसरी व पारंपरिक मिडल स्कूलमधील विद्यार्थ्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दिवसातून अनेकदा अनपेक्षित वेळी संकेत देऊन त्या क्षणी ते काय करीत आहेत व त्यांना काय वाटते आहे याची नोंद घेण्यात आली. शाळेतील अभ्यासाच्या वेळी मॉन्टेसरी विद्यार्थ्यांची अंतःप्रेरणा, उत्साह आणि कामातील तल्लीनता अधिक आढळली. शाळेबाहेरच्या अनुभवात दोन्ही गटांत तेवढा फरक नव्हता. त्यामुळे हा फरक केवळ घरच्या परिस्थितीमुळे आला, असे म्हणणे कठीण होते.

अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी २००६ मध्ये मिलवॉकी येथील अभ्यास मांडला. सोडतीद्वारे मॉन्टेसरी शाळेत प्रवेश मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची त्यात तुलना होती. बारा वर्षांच्या मॉन्टेसरी विद्यार्थ्यांचे निबंध अधिक सर्जनशील, वाक्यरचनेने अधिक प्रगल्भ होते आणि शाळा हा आपला समुदाय आहे ही जाणीव त्यांच्यात अधिक होती. त्याच शहरातील २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात, प्राथमिक स्तरावर मॉन्टेसरी शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांना पुढे माध्यमिक शाळेत गणित व विज्ञानाच्या प्रमाणित चाचण्यांत अधिक गुण मिळाल्याचे दिसले. भाषा व सामाजिक शास्त्रांत तसा फरक आढळला नाही. २०२१ मध्ये १९०५ प्रौढांच्या सर्वेक्षणात बालपणीचे मॉन्टेसरी शिक्षण आणि प्रौढपणीचे मानसिक स्वास्थ्य यांत सहसंबंध आढळला. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

याच्या जोडीला नेदरलँड्समधील २०१७ सालचा अभ्यास ठेवणे न्याय्य ठरेल. नीनके रुइस यांनी माध्यमिक मॉन्टेसरी शाळांतील प्रवेश-सोडतींच्या आधारे केलेल्या या अभ्यासात मॉन्टेसरी विद्यार्थी इतरांइतक्याच प्रमाणात वेळेत उत्तीर्ण होतात आणि त्यांचे गुणही साधारण सारखेच असतात, असे दिसले. म्हणजे परीक्षेतील यशाच्या मापाने पाहता येथे नुकसान नाही, तसा ठळक लाभही नाही. अर्थात या शाळा लायसियमच्या परंपरेतील आहेत; एर्डकिंडरच्या शेतशाळेविषयी इतक्या काटेकोर पद्धतीचा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

मर्यादा

या शाळांविषयीचे आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. अमेरिकेतील अशा अनेक शाळा खाजगी व खर्चिक आहेत. तेथे मुले पाठविणारे पालक आधीच शिक्षणाविषयी जागरूक असतात, त्यामुळे यशाचे श्रेय शाळेला किती आणि घराला किती हे ठरविणे अवघड होते. भारतात या योजनेसमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो. शेतातील श्रम ही शहरी सुस्थित मुलासाठी नवी व आनंददायी गोष्ट असेल. परंतु शेतमजुराच्या मुलासाठी ती रोजची सक्ती असते. ज्याला श्रमातून सुटण्यासाठी शाळा हवी आहे त्याच्यापुढे पुन्हा खुरपे ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे, हा आक्षेप नयी तालीमवरही घेतला गेला होता. त्याचे उत्तर श्रमाच्या प्रकारात नसून अधिकारात आहे. काय पिकवावे, किती किमतीला विकावे आणि उत्पन्नाचे काय करावे हे ठरविण्याचा हक्क मुलाला असेल तरच ते काम शिक्षण होते. अन्यथा ती केवळ मजुरी राहते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मॉन्टेसरी विचार हा केवळ शिशुशिक्षणाचा विचार नाही. कुमारवयाविषयीची त्याची मांडणी १९३० च्या दशकातील युरोपीय अरिष्टाच्या पार्श्वभूमीवर झाली आणि कुमारांना समाजात सन्मानाचे स्थान देणे हा तिचा केंद्रबिंदू होता.

२) या विचाराच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. लायसियमने परीक्षा स्वीकारून पद्धती बदलली. एर्डकिंडरने जीवनपद्धतीच बदलू पाहिली. पहिली लवकर रुजली, दुसरीला सहा दशके वाट पाहावी लागली.

३) लहान शाळेची शक्ती तिच्या साधनांत नसून तिच्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या अपरिहार्यतेत आहे. उपलब्ध संशोधन परीक्षेतील गुणांपेक्षा प्रेरणा, तल्लीनता आणि सामुदायिक जाणीव यांबाबत तिच्या बाजूने अधिक स्पष्टपणे बोलते.

४) भारतात बालशिक्षणाच्या तातडीमुळे ही परंपरा बारा वर्षांच्या उंबरठ्यावर थांबली, मात्र नयी तालीम व कुरणशाळा यांच्या रूपाने तिला पूरक असा स्थानिक वारसा येथे उपलब्ध आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त कालावधी सुचविला असून त्यात स्थानिक कारागिरांसोबत काम करण्याची कल्पना आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु डॉ. मॉन्टेसरी यांच्या योजनेतील काम हे दहा दिवसांची सहल नव्हते. त्यावर कोणाचे तरी जेवण, कोणाचा तरी हिशेब आणि कोणाचा तरी विश्वास अवलंबून होता. पाहुणा म्हणून कुंभाराच्या चाकावर हात फिरविणाऱ्या विद्यार्थ्याला ओळख मिळते, जबाबदारी मिळत नाही. महाविद्यालयाच्या दारात स्वयंप्रेरित विद्यार्थी यावा अशी अपेक्षा असेल, तर बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्यावर खरोखरच काही तरी सोपविले गेले होते काय, हा प्रश्न माध्यमिक शाळांइतकाच महाविद्यालयांनीही विचारला पाहिजे.